जिमचा रिव्ह्यू: वजन जेमतेम एक किलो उतरलं, तरी पैसे वसूल

आधीच सांगते, जिमचं नाव लिहिणार नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मालक आमच्याच कॉलनीत राहतो, सकाळी दूध आणायला गेलं की भेटतो. नाशिकमध्ये इंदिरानगर साइडला आहे, बेसमेंटमध्ये, आणि बरोब्बर वर पोळी-भाजी केंद्र आहे, त्यामुळे साडेअकराला स्क्वॉट मारताना गरम पोळ्यांचा वास येतो. या एका गोष्टीसाठी एक स्टार आत्ताच कापते.

मी ४९ वर्षांची, पतसंस्थेत कॅश काउंटरला, म्हणजे दिवसभर बसून. वर्षभरापूर्वीपर्यंत व्यायाम म्हणजे सकाळचा ट्रॅकवर वॉक आणि मैत्रिणींशी गप्पा, त्यातही गप्पा जास्त. मग गेल्या जूनमध्ये आई पडली. पडली म्हणजे पाय घसरला, पाणी सांडलं होतं असं काही नाही, बाथरूममधल्या स्टुलावरून उठताना पायात जोरच आला नाही आणि ती कलंडली. खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलावा लागला, दोन महिने आम्ही तिघी बहिणी आळीपाळीने दवाखाना आणि घर करत होतो. त्या धावपळीत ऑर्थोच्या डॉक्टर मॅडमनी सहज विचारलं, तुमची पाळी चालू आहे का? म्हटलं येते कधी, चार-चार महिने गायब पण होते. म्हणाल्या, मग आईची सेवा करता करता स्वतःची पण डेक्सा करून घ्या.

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायचा स्कॅन, दहा-पंधरा मिनिटं झोपून राहायचं, दुखत-बिखत काही नाही. त्यात टी-स्कोअर येतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडं विरळ व्हायला लागलीत, आणि उणे २.५ किंवा त्याच्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. माझा कमरेच्या मणक्याचा आला उणे १.९. मी रडवेली झाले खरं तर, कारण मला वाटत होतं मी फिट आहे, सप्तशृंगी गडाच्या पाचेकशे पायऱ्या मी दर वर्षी चढते, ट्रॉलीत बसत नाही! मॅडम म्हणाल्या चढता हे छानच, चालता हे पण हृदयाला छान, पण तुमच्या हाडांना त्या वजनाची कधीच सवय झालीये, त्यांना नवीन काही कामच नाही. कॅल्शियम आणि डी-थ्रीची गोळी देते, ती म्हणजे साइटवर आणून टाकलेली वाळू-सिमेंट, भिंत बांधायला गवंडी लागतो. वजन उचला. आणि उचला म्हणजे उचला, खेळू नका.

"खेळू नका" हे का म्हणाल्या ते मला लगेच कळलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी एका फक्त बायकांच्या जिमला पैसे भरून आले होते. (त्याचंही नाव नाही.) गुलाबी भिंती, एसी, एक किलोचे गुलाबी डंबेल्स, कमरेला पट्टा लावून थरथरणारं एक मशीन, आणि ट्रेनर म्हणायची मॅडम टोनिंग होतंय. आठ महिने मी तो एक किलोचा डंबेल वर-खाली केला. माझी पर्स दीड किलोची आहे, घरी येऊन मोजली मी. भरलेलं गॅस सिलिंडर तीसेक किलोचं असतं, आत १४.२ किलो गॅस आणि बाकी लोखंड, ते मी आजवर शेकडो वेळा कडेवर घेतल्यासारखं करत, कंबर वाकडी करत सरकवलंय. दळणाचा डबा, पाण्याचा जार, झोपलेलं पोर, हे सगळं उचलणाऱ्या बाईला जिममध्ये गेल्यावर एक किलो का देतात हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही, हे विशेष.

तर या बेसमेंटवाल्या जिमला मी जॉईन झाले पितृपक्षात. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण पितृपक्षात कोणी नवीन काही सुरू करत नाही म्हणून मालकाने तीन महिन्यांचे साडेपाच हजारच्या जागी साडेचार घेतले, वर ॲडमिशन फी माफ. ही टीप फुकट घ्या. लेडीज बॅच ११ ते १, माझा जेवणाचा ब्रेक आणि अर्धी सुट्टी जुळवून मी सोमवार-बुधवार-शुक्रवार जाते. तीनच दिवस. मालक म्हणाला सहा दिवस या, तीन दिवस कार्डिओ करा, वजन पटकन उतरेल. ट्रेनर मुलगी मागून हळूच म्हणाली, "काकू, तीन पुरेत. दोन आल्या तरी चालेल, पण ते दोन नीट."

आता या मुलीबद्दल लिहायलाच हवं, खरा रिव्ह्यू तिचाच आहे. २५-२६ ची असेल, कॉलेजात असताना वेटलिफ्टिंग करायची, उंची माझ्या खांद्याला. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं की काकू नको म्हणूस, तर म्हणाली बरं ताई, आणि मला एक पांढरा पीव्हीसीचा पाइप दिला. नळाचा. म्हटलं हे काय? म्हणाली हाच तुमचा रॉड, दोन आठवडे. त्या पाइपवर तिने मला वाकायला शिकवलं. मी ४९ वर्षं वाकतीये, केर काढतीये, फरशी पुसतीये, आणि मला वाकता येत नव्हतं! मी पाठीतून वाकायचे. तिने सांगितलं, दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या आहेत आणि मागे फ्रीज उघडा राहिलाय, तो कशाने बंद करणार? ढुंगणाने. (सॉरी, पण ती असंच म्हणाली आणि तेच डोक्यात बसलं.) तसं मागे ढकला, पाठ सरळ, गुडघे थोडे सैल, पाइप मांडीला चिकटून खाली. चौथ्या-पाचव्या दिवशी मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला आणि मला कळलं की अच्छा, इथे पण काहीतरी असतं.

पहिल्या आठवड्यात दुखलं. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी कमी आणि तिसऱ्या दिवशी जास्त, कमोडवर बसताना भिंत धरली. हे नॉर्मल आहे, नवीन काम लागलं की स्नायू एक-दोन दिवसांनी दुखतात, दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा एकाच जागी कळ आली तर ते वेगळं, ते लगेच सांगायचं. माझ्या बॅचमधल्या दोघी या दुखण्यालाच घाबरून सोडून गेल्या, त्यांना कोणी आधी सांगितलंच नव्हतं. जिमने हे ॲडमिशन फॉर्मवर छापायला हवं, तिथे मात्र "फी परत मिळणार नाही" एवढंच ठळक छापलंय.

आणि लॉग बुक. प्रत्येकीची एक दोनशे पानी वही आहे, काउंटरच्या मागे कपाटात ठेवतात, ट्रेनर मुलीने घरातून आणलेल्या ब्राउन पेपरची कव्हरं घातलीत. तारीख, व्यायाम, किती किलो, किती रेप्स (एका दमात किती वेळा), किती सेट (असे किती फेरे), आणि शेवटी एक रकाना "अजून किती झाल्या असत्या". म्हणजे सेट संपल्यावर ती विचारते, ताई, अजून किती जमल्या असत्या? सहा म्हटलं तर पुढच्या वेळी वजन वाढतं, दोन म्हटलं तर बरोबर चाललंय, एकही नाही म्हटलं तर तेवढंच ठेवते किंवा कमी करते. एवढंच सायन्स आहे हो सगळं! शरीराला जमतंय त्याच्यापेक्षा थोडंसं जास्त, मग आराम, मग परत थोडंसं जास्त. आधीच्या गुलाबी जिममध्ये आठ महिन्यांनी पण एकच किलो होता कारण कोणी काही लिहूनच ठेवत नव्हतं. मी कॅश काउंटरवाली बाई, मला वहीत आकडे चढताना दिसले की बरं वाटतं, कदाचित त्यामुळेच टिकले असेन.

व्यायाम पण फार नाहीत, पाच-सहाच. डंबेल छातीशी धरून बैठका, रॉड जमिनीवरून उचलायचा तो डेडलिफ्ट, डोक्यावर ढकलायचं ते प्रेस, मागे ओढायचं ते रो, आणि शेवटी दोन हातात दोन जड डंबेल घेऊन जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, त्याला म्हणतात फार्मर्स वॉक. मी म्हटलं याला फार्मर कशाला पाहिजे, हे तर रविवारचा बाजार करून परत येणं झालं. माझी आजी निफाडकडच्या खेड्यात डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीवरून यायची, आणि तिला जर कोणी सांगितलं असतं की तुझी नात याचे पैसे भरणार आहे तर ती बेशुद्ध पडली असती. (आजीचं कौतुक करतीये असं समजू नका, तिची मान आणि गुडघे साठीत कामातून गेले होते. रोज तेवढंच ओझं, आराम नाही, खायला सगळ्यात शेवटी. ओझं आणि व्यायाम यात हाच तर फरक आहे.)

भिंतीवर सगळे पोस्टर पुरुषांचे, तेल लावलेले. पण जिथे डेडलिफ्ट करतो त्या कोपऱ्यात या मुलीने मीराबाई चानूचा पेपरमधला फोटो चिकटवलाय. उंची पाच फुटाच्या आत, ४९ किलोचा वजनगट, आणि टोकियोला ११५ किलो डोक्यावर उचलून सिल्व्हर. मी गंमतीत म्हटलं माझं वय ४९ आणि तिचं वजन. आणि बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलंच मुळी २००० साली सिडनीला, त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ब्रॉंझ आणलं, भारतीय बाईचं पहिलं ऑलिंपिक मेडल ते. म्हणजे मी कॉलेजात होते तोपर्यंत बायकांनी ऑलिंपिकमध्ये रॉड उचलायची सोयच नव्हती, मग आमच्या घरात कोणाच्या डोक्यात कुठून येणार. पेठेतल्या तालमीत भाऊ जायचे, आम्ही बाहेरून दंड-बैठकांचा आवाज ऐकायचो.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, रॉड. नेहमीचा मोठा रॉड रिकामाच २० किलोचा असतो. बायकांसाठी वेगळा १५ किलोचा येतो, जाडीला पण थोडा बारीक, २८ ऐवजी २५ मिलिमीटर, त्यामुळे आपल्या हातात नीट बसतो. या जिममध्ये १५ चा रॉड एकच आहे, आणि तो संध्याकाळची पोरं दंड फुगवायला वापरतात आणि कुठेही टाकून जातात. दोनदा तो मला बाथरूमच्या दाराला टेकवलेला सापडला. बॅचमध्ये आम्ही नऊ जणी आणि रॉड एक, म्हणजे लायनीत उभं राहायचं, रेशनच्या दुकानासारखं.

दुसरी, छोट्या प्लेट्स. आधी सगळ्यात छोटी प्लेट २.५ किलोची होती. दोन्ही बाजूंना एक-एक लावली की डायरेक्ट पाच किलो वाढायचे. पायांच्या व्यायामात पाच किलोने काही वाटत नाही, पण डोक्यावर ढकलताना २० वरून एकदम २५? सात आठवडे मी २० ला अडकून होते, वहीत तोच आकडा, तोच आकडा, एकदा तर चिडून मी वही फेकली. मालकाला सांगितलं १.२५ च्या प्लेट्स आणा, तो म्हणे लेडीजला काय करायचंय मॅडम एवढं. मग ट्रेनर मुलीने जुगाड केला, घोट्याला बांधायचे वेल्क्रोचे अर्धा-अर्धा किलोचे पट्टे असतात ना, ते रॉडच्या दोन्ही टोकांना गुंडाळले. २१ झाले! त्या दिवशी मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, ते मीटिंगमध्ये होते, म्हणाले कशाचे एकवीस? १.२५ ची जोडी शेवटी जानेवारीत आली, ती पण आम्ही चौघींनी मिळून रिन्यू करणार नाही म्हटल्यावर.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, पण कोणी बोलत नाही म्हणून लिहितीये. दुसऱ्या महिन्यात वॉर्मअपला दोरीवरच्या उड्या होत्या आणि मला थोडी लघवी झाली. थोडीच, पण झाली. मी काळी लेगिंग होती म्हणून वाचले आणि बरं वाटत नाही म्हणून घरी आले आणि ठरवलं की आता जायचं नाही. दोन बाळंतपणं झालीत, शिंकताना अधूनमधून व्हायचंच, वाटायचं वयाचं आहे. तीन दिवसांनी ट्रेनर मुलीचा मेसेज आला, ताई काय झालं. मी कसंबसं लिहिलं. तिने लिहिलं "बॅचमध्ये अजून तिघींना होतं, त्यांनी पण मलाच सांगितलंय, एकमेकींना नाही". उड्या बंद केल्या, उचलताना श्वास कोंडून खाली जोर द्यायची माझी सवय होती ती मोडली, आता जोर लावताना श्वास सोडते आणि खालचे स्नायू वर ओढून धरते, आणि एका फिजिओथेरपिस्टकडे जायला लावलं जी फक्त याच गोष्टीचे व्यायाम शिकवते. चारेक महिन्यांत खूप फरक पडला. परवा सर्दी झाली होती, शिंकून शिंकून बेजार, पण कोरडी. हे मी इथे लिहितीये म्हणजे बघा.

फायदे विचाराल तर सगळ्यात आधी निराशेची बातमी, वजन ६७.८ होतं, आता ६६.९ आहे. आठ महिन्यांत एवढंच, आणि ते पण सकाळी उपाशीपोटी. वजन उतरवायला जाणार असाल तर ते ताटातून उतरतं, रॉडवरून नाही. पण शिंपीणबाईंनी ब्लाउज बघून विचारलं काय करताय, कंबरेत दीड इंच आत घेतला आणि दंडाला मात्र अर्धा इंच सोडावा लागला. गुडघा, जो जिना उतरताना कटकट करायचा, तो गप्प आहे, कारण म्हणे मांडीचे स्नायू भार घ्यायला लागले. झोप लागते. शुगर बॉर्डरवर होती, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती टेस्ट ६.१ होती ती ५.८ आली, त्यात रात्रीचा भात कमी केल्याचा वाटा पण असणार, सगळं श्रेय जिमला नको. पण स्नायू जेवणानंतरची साखर ओढून घेतात आणि जेवढे जास्त वापरात तेवढे जास्त ओढतात, हे डॉक्टर मॅडमनी पण सांगितलं.

आणि डेडलिफ्ट. पीव्हीसी पाइपपासून सुरू केलं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ६० किलो, पाच वेळा. म्हणजे दोन भरलेले सिलिंडर एकदम. त्याच आठवड्यात सिलिंडरवाला आला आणि नेहमीसारखा दारात ठेवून गेला, तर मी फ्रीज बंद केल्यासारखी मागे गेले, पकडला आणि उचलून सरळ किचनमध्ये नेला. सासूबाई देवघरातून बघत होत्या. म्हणाल्या, "हळू गं, फरशी फुटेल." माझी नाही, फरशीची काळजी! हे मी कॉम्प्लिमेंट म्हणून घेतलंय.

हाडांचं काय झालं ते आत्ता सांगता येणार नाही, डेक्सा एवढ्या लवकर परत करत नाहीत, वर्ष-दोन वर्षांनी करा म्हणाल्या. पण मॅडमनीच एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ युनिव्हर्सिटीचा, २०१८ साली छापून आलेला. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ बायका, दोन गट. एका गटाला आठ महिने, आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा-अर्धा तास, पण जड. डेडलिफ्ट, बैठका, डोक्यावर प्रेस, आणि उडी मारून बार पकडून खाली आपटत उतरणं. प्रत्येकाचे पाच सेट, पाच-पाच रेप्स. कमरेच्या मणक्याची घनता त्यांची २.९ टक्के वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के कमी झाली. आकडा छोटा वाटतो ना? मला पण वाटला. पण पाळी जायच्या सुमारास हाडं उताराला लागलेली असतात, भराभर, त्यात उलटी चढायला लागणं म्हणजे काय ते समजा. फक्त एक, त्या बायकांवर पूर्णवेळ ट्रेनरची नजर होती. यूट्यूब बघून घरी सुरू करू नका, आणि आधीच फ्रॅक्चर झालंय, बीपी कंट्रोलमध्ये नाही, हर्निया आहे असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग रॉड.

"अगं पण पुरुषासारखी दिसशील" हे मला आत्तापर्यंत अकरा जणींनी सांगितलंय, दोघी जणी तर वॉकिंग ट्रॅकवर थांबवून. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने दहा-पंधरा पटीने कमी असतं, त्यामुळे तसं फुगायला वर्षानुवर्षं ठरवून, मोजून खाऊन, दिवसाचे कितीतरी तास घालवावे लागतात. आमच्याच जिममधली संध्याकाळची पोरं तीन वर्षं धडपडतायत, त्यांना जमत नाहीये, तर मला जेवणाच्या ब्रेकमध्ये चुकून कसं जमेल?

प्रोटीनचं नाटक मात्र सांगते. काउंटरवर मोठाले डबे लावलेत, मालक प्रत्येकीला एकदा तरी विचारतोच, मॅडम प्रोटीन घेता का, रिझल्ट डबल होईल. मी घेतला नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे माझं ५५-५६ ग्रॅम झालं, आणि वजन उचलणाऱ्यांना त्याहून थोडं जास्त लागतं. मी एक आठवडा सगळं लिहून काढलं तर माझं चाळीसच्या आसपासच होत होतं. पोळी, भाजी, भात, वरणाचं पाणी. वरण आपण करतो इतकं पातळ की त्यात डाळ पोहायला येते. मग घट्ट वरण, रोज वाटीभर दही, मटकी-हरभऱ्याची उसळ, आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या आणि दोन अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम. अंड्यांचा तवा वेगळा, तो गॅलरीत राहतो, इंडक्शन पण गॅलरीतच, पावसाळ्यात काय करणार ते अजून ठरलेलं नाही. आणि नाशिककरांनो, मिसळीत मटकी असते म्हणून ती प्रोटीनमध्ये धरू नका, मी धरून बघितलंय. तर्री बाजूला केली तर खाली दोन चमचे निघते.

बाकी किरकोळ. पंखे दोनच, आणि मला मधूनच अंगातून वाफा निघतात त्या वेळी मी पंख्याखालची जागा कोणालाही देत नाही, आधीच सांगितलंय सगळ्यांना. चेंजिंग रूमचं दार नीट लागत नाही, आतून बादली लावावी लागते. गाणी जरा बरी लावा. पार्किंग नाही, पण इंदिरानगरात कुठे आहे. आणि मालकाला एक सांगणं, आमच्या ट्रेनर मुलीचा पगार वाढवा, मध्ये ती सोडून जाणार अशी चर्चा होती तर आम्ही नऊच्या नऊ जणींनी वह्या उचलून तिच्या मागे जायची तयारी केली होती.

आईचं सांगायचं राहिलं. ती वॉकर घेऊन चालायला लागली, पण उठताना अजूनही कोणीतरी हात द्यावा लागायचा. मी ट्रेनर मुलीला विचारलं, तिने आईच्या फिजिओशी बोलून मग सांगितलं. उंच खुर्ची भिंतीला टेकवून, वर दोन उशा, आई बसायची आणि हात छातीवर बांधून उठायची, मी समोर उभी. आधी तीन वेळा, मग पाच, मग एक उशी काढली. मी तिच्यासाठी पण वही केलीये, ती स्वतः लिहिते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. अक्षय्य तृतीयेला उशीशिवाय आठ. "अजून किती झाल्या असत्या" या रकान्यात तिने लिहिलं होतं, "भूक लागली".

पाचपैकी चार. एक स्टार पोळ्यांच्या वासाचा कापलाय तो कापलाच. माझं पॅकेज जूनमध्ये संपतंय, वर्षाचं एकदम भरायला मालक पंधरा हजार सांगतोय, मी म्हटलं साडेबारा आणि १५ चा अजून एक रॉड. तो विचार करून सांगतो म्हणालाय. नाहीच ऐकलं तर पितृपक्षापर्यंत थांबेन.